मटण मंद आचेवर शिजवताना

क्रॉफर्ड मार्केटमध्ये मटण घेताना खांद्याचे किंवा नळीचे तुकडे मागावेत, कारण त्यांत कोलॅजन, म्हणजे मांस चिवट करणारे प्रथिन, भरपूर असते. आले-लसूण, हळद, मीठ लावून जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून, सुमारे 90 अंश सेल्सिअसला अडीच-तीन तास शिजवावे. रस्सा खदखदू नये, कडेला अधूनमधून एखादाच बुडबुडा यावा. अशा वेळी कोलॅजनचे मऊ, विरघळणारे जिलेटिन होते आणि प्रथिनांच्या घड्या उलगडल्याने पाचकरसांना ती तोडणे सोपे जाते. कोरड्या, प्रखर आचेवर मात्र तंतू आक्रसून रस बाहेर टाकतात आणि फार तापलेली प्रथिने एकमेकांना चिकटून सावकाश पचतात. नळीवरचे मांस चमच्याने सुटले की गॅस बंद करावा. मुंबईच्या दमट उकाड्यात उरलेले मटण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावेच.