स्टंट मॉडेलच्या चुका रंगाखाली लपतात, हवेत सापडतात

गेल्या ऑगस्टमध्ये भाचा खानापूरहून त्याच्या तारांवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचा पंख घेऊन आला. दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, वर सुतळी. दारातूनच म्हणाला, “मामा, डोप पांढरा पडूलाय बघ.”

आदल्या रात्री बाहेर धो धो पाऊस चालू असताना त्यानं बंद खोलीत टिश्यूवर, म्हणजे पंखाच्या सांगाड्यावर चिकटवलेल्या पातळ कागदावर, डोपचे, म्हणजे तो कागद ताणून धरणाऱ्या लाखेचे, दोन हात मारले होते. सकाळी सगळ्या पंखावर पांढुरकी झाक, भाकरीवर सुकं पीठ राहावं तशी. त्याला वाटलं डबा जुना निघाला. डबा चांगला होता. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो. हवेत आधीच ओल ठासून भरलेली असली की ती त्या गार थरावर बसते आणि ओल्या डोपमध्येच अडकते. हा प्रश्न नुसत्या दिसण्याचा असता तर मी काही बोललो नसतो, पण असा थर कच्चा राहतो आणि टिश्यूला नीट धरत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. कोरडा दिवस बघायचा, हळू उडणारा रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा एक पातळ हात द्यायचा. खालचा थर परत विरघळतो, अडकलेली ओल निघून जाते आणि झाक उतरते. आम्हाला त्यासाठी घटस्थापनेपर्यंत थांबावं लागलं.

म्हणून आमच्या भागातल्या पोरांना मी पहिली गोष्ट सांगतो ती कॅलेंडरची. जून ते सप्टेंबर सांगाडा बांधा. रिब म्हणजे पंखाच्या फासळ्या कापा, स्पार म्हणजे त्याचा लांब कणा जोडा, बेलक्रँक म्हणजे तारांची ओढ शेपटीकडे पोचवणारा फिरता तुकडा बसवा, हे सगळं पावसात करा. डोप आणि रंग दसऱ्यानंतर. भात कापून झालं की शिवारं मोकळी होतात, तोवर मॉडेल तयार असतं. चिकोडी-अथणीकडच्यांचं गणित वेगळं. तिकडे पाऊस कमी, पण एप्रिलच्या उन्हात डोप ब्रशखालीच सुकतो आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात. त्यांनी सकाळी लवकर काम उरकावं, आणि खोलीत आधी पाणी शिंपडून धूळ बसवावी.

वजन प्रत्येक टप्प्यावर मोजा

आमचं मॉडेल यू-कंट्रोल, म्हणजे दोन स्टीलच्या तारांवर मध्ये उभ्या पायलटभोवती गोल फिरतं. हँडल वाकवलं की पंखातला बेलक्रँक फिरतो आणि पुशरॉड, म्हणजे जोडकाडी, शेपटीची हलती पट्टी (एलिव्हेटर) हलवतो. स्टंट मॉडेलमध्ये पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅपही त्याच्यासोबत उलट दिशेनं हलतात. अमेरिकन मॉडेलकार जॉर्ज ऑल्ड्रिच यांचं १९५२ चं ‘नोबलर’ याच मांडणीमुळे नावाजलं आणि आजही बहुतेक स्टंट मॉडेलं त्याच वाटेनं जातात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या एफ-टू-बी या स्टंट वर्गात तारांची लांबी १५ ते २१.५ मीटर. एवढ्या वर्तुळात चौकोनी लूपचा कोपरा कडक मारायचा तर मॉडेल हलकं हवं, दुसरा मार्ग नाही.

त्यात आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. हवा किनाऱ्यापेक्षा साधारण सात टक्के विरळ. पंखाला उचल कमी, इंजिनाला दम कमी. गोव्यात ठीक उडणारं जड मॉडेल इथं कोपऱ्यात खचतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चूक होते ती अशी की वजन शेवटी मोजतात. तोवर काही करता येत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि वहीत लिहा: सांगाडा, टिश्यूनंतर, सीलरनंतर (लाकडाची छिद्रं भरणारा थर), रंगानंतर. भाच्याच्या पहिल्या मॉडेलवर रंगकामाचे २३० ग्रॅम चढले, दुसऱ्यावर ११०. रंग तोच होता, फरक फक्त वहीचा. शेपटीकडे तर आणखी जपा. नाक आखूड आणि शेपूट लांब, त्यामुळे शेपटीवर चढलेला एक ग्रॅम नाकात दोन-अडीच ग्रॅम शिसं मागतो. शेपटीला मऊ, हलकं बाल्सा लाकूड निवडा आणि तिथं सीलरचा एक हात कमी द्या.

आणखी एक. सांध्यावर ओघळलेला गोंद तसाच सुकू देऊ नका. फेविकॉल असो की सुपर ग्लू, सुकल्यावर तो बाल्सापेक्षा कितीतरी कडक होतो. मग पॉलिश पेपर फिरवला की गोंद तसाच राहतो आणि शेजारचं लाकूड खणलं जातं. ती खळगी लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरायची, म्हणजे परत वजन. ओला असतानाच काडीनं पुसून घ्या.

बेलक्रँक एकदा झाकला की गेला

माझ्या मते सगळ्यात महागडी चूक इथं होते. पंख झाकल्यावर बेलक्रँकपर्यंत हात पोहोचत नाही, आणि मॉडेलचा सगळा जीव त्याच एका बोल्टवर टांगलेला असतो. हिशोब करून बघा: १८ मीटरच्या तारांवर पाच सेकंदांत एक फेरी म्हणजे ताशी सुमारे ८१ किलोमीटर, आणि तारांवरची ओढ मॉडेलच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट. स्पर्धेत वजनाच्या दहापट ओढून बघतात. ही ओढचाचणी मैदानावर पहिल्यांदा करू नका, टिश्यू लावण्याआधी बाकावर करा. धान्याच्या पोत्यांना वापरतात तो हुकाचा काटा आणा. मॉडेल १.२ किलोचं होणार असेल तर दोन्ही लीडआउट, म्हणजे बेलक्रँकपासून पंखाबाहेर येणाऱ्या तारा, एकत्र धरून १२ किलोपर्यंत ओढा. बेलक्रँकखालचा प्लायवुड जरा जरी करकरला तर तो आत्ताच करकरला, हे चांगलंच झालं. एपॉक्सी घालून, स्पारला भिडवून परत बसवा.

बेलक्रँक शक्यतो १०० मिलिमीटरचा घ्या. जुन्या नकाशांत ७५ चा असतो. मोठ्या क्रँकमुळे हाताची हालचाल बारीक उतरते आणि फ्लॅपचा जोर सहज पेलतो. मी उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलं, तेव्हा बुश आणि बोल्ट मी स्वतः बसवतो. पण ज्याला मशीन नाही त्यानंही एक काळजी घ्यावी: बोल्ट अगदी सैल नको, आणि घट्ट तर मुळीच नको. नट आवळून झाल्यावर क्रँक बोटाच्या फुंकरीसारख्या धक्क्यानं फिरायला हवा.

बिजागऱ्या बसवल्यावर एक परीक्षा घ्या. मॉडेल नाक खाली करून उभं धरा, मग शेपूट खाली करून धरा. एलिव्हेटर आणि फ्लॅप स्वतःच्या वजनानं पडले पाहिजेत. अडकले तर पुशरॉड कुठंतरी घासतोय किंवा बिजागरीच्या फटीत गोंद शिरलाय. ही परीक्षा रंगानंतर पुन्हा घ्या. मी पाहिलेल्या दहातल्या सात-आठ मॉडेलांत रंगच बिजागरीत उतरून ती कडक झालेली असते. असं मॉडेल सरळ उडत नाही, सारखं वर-खाली डुलत राहतं. पायलटला वाटतं गुरुत्वमध्य चुकला. तो नाकात शिसं घालतो, मॉडेल जड होतं, आणि डुलणं तसंच.

दोऱ्यानं मोजा, डोळ्यानं तपासा

पंख, स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) आणि इंजिन तिन्ही शून्य अंशात. शेपटीच्या मध्यावर टाचणी, तिला न ताणणारा दोरा, आणि दोन्ही बाजूंना पंखावरच्या समान अंतराच्या खुणांपर्यंत मोजा. पंखाच्या टोकांपर्यंत मोजू नका, कारण बऱ्याच स्टंट मॉडेलांत आतला, म्हणजे पायलटकडचा, पंख मुद्दाम थोडा लांब असतो. हे ठाऊक नसलेल्या एकानं पंख तिरका चिकटवलेला मला आठवतो.

टिश्यू लावल्यावर डोप आकसतो आणि पंख पिळवटतो. एका बाजूला हात मारून दुसरी उद्यावर ठेवलीत की पीळ पडणारच. दोन्ही बाजू एकाच बैठकीत करा, आणि सुकेपर्यंत पंख सपाट फळीवर वजनाखाली ठेवा. डोपमध्ये एरंडेलाचे चार थेंब टाकले तर तो फार आकसत नाही, नंतर तडकतही नाही. पीळ राहिलाच तर वाफेवर किंवा हेअर ड्रायरनं गरम करून उलट दिशेला जरासा जास्त वळवून गार होऊ द्या. मग मागून, हात लांब करून, एक डोळा मिटून बघा. दोन्ही पंखांच्या मागच्या कडा एका रेषेत दिसल्या पाहिजेत.

रंग

कुठला थर कुठल्या थरावर चालतो, हे आधी माहीत करून घ्या. डोपचे दोन प्रकार: नायट्रेट खाली, ब्युटिरेट वर. उलटं केलंत तर वरचा थर धरत नाही. इनॅमलवर डोप मारलात तर खालचा रंग सुरकुततो, दुधावरच्या सायीसारखा. नायट्रेटवर ग्लो इंजिनाचं (मॉडेलच्या छोट्या इंजिनाचं) इंधन सांडलं की त्यातलं मिथेनॉल त्याला मऊ करतं. म्हणून शेवटचा थर इंधनाला दाद न देणारा हवा, ब्युटिरेट किंवा गाडीच्या गॅरेजमधला दोन भागांचा क्लिअर. इंजिनाची खोबण आणि टाकीची जागा आतून पातळ एपॉक्सीनं बंद करा. तिथं उघडं राहिलेलं बाल्सा दोन महिन्यांत तेल पिऊन काळं, भुसभुशीत होतं.

दोन भागांचा क्लिअर मारायचा असेल तर खालचा डोप किमान दोन आठवडे सुकू द्या. नाहीतर आत कोंडलेला थिनर पुढे महिनाभर बाहेर यायला बघतो आणि बुडबुडे येतात. आणि हे काम घरात करू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसाला कायमचा दमा लावू शकतं. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. ज्यांच्याकडे बूथ आणि योग्य मास्क आहे अशा पेंटरकडून करून घ्या, आणि त्याला बजावून सांगा की एक ओला हात पुरे. त्याला गाडीच्या दरवाज्याची सवय असते, तो प्रेमानं तीन मारतो.

रंगाला मध्येच गोल गोल डोळे पडले तर ते तेल. आपल्याकडे सकाळी केसाला खोबरेल लावून पोरं कामाला बसतात, हात कपाळावरून फिरतो आणि तोच पंखावर. रंगाआधी ओल्या कपड्याला किंचित भांड्याचा साबण लावून पुसा, मग नुसत्या ओल्यानं, मग हात लावू नका.

टेपखालून रंग झिरपतो त्याला एकच इलाज. टेपच्या कडेवर आधी क्लिअरचा पातळ हात द्या. झिरपायचं ते क्लिअर झिरपेल आणि फट बंद होईल. घासताना रिबच्या माथ्यावर वॉटर पेपर हलका ठेवा, टिश्यू तिथंच आधी फाटतो.

उडताना काय दिसतं, त्यावरून

कडक वळणावर बाहेरचा पंख खाली झुकतो, सरळ आणि उलट्या दोन्ही उड्डाणात: त्या पंखाच्या टोकात घातलेलं वजन जास्त झालंय, थोडं थोडं काढा. डोक्यावर आल्यावर तारा सैल पडत असतील तर आधी ते वजन वाढवून बघा, नाहीतर लीडआउट दोन-तीन मिलिमीटर मागं घ्या.

सरळ उडताना बाहेरचा पंख खाली आणि उलटं उडताना बाहेरचा वर, असं झालं तर दोष वजनाचा नाही, पिळाचा आहे. हा भेद ओळखला नाही तर माणूस महिनोन्महिने शिसं घालत-काढत बसतो. एका फ्लॅपला किंचित वाकवून तो सुधारतो.

उलट्या उड्डाणात फेरी जास्त वेगानं होत असेल तर टाकी वर बसलीय, दीड मिलिमीटर खाली घ्या. हळू होत असेल तर वर. घड्याळ लावून मोजा, कानावर विसंबू नका.

तारेला एकदा मोड पडला की ती जोडी टाकून द्या. सरळ केलेली जागाच पुढे तुटते. हँडलची दोरी मनगटाला बांधल्याशिवाय इंजिन सुरू करू देऊ नका, मुलगा कितीही तयारीचा असो.

आणि जागा. आमच्याकडे उसाच्या आणि भाताच्या शिवारात पंपासाठी विजेच्या तारा आडव्या-उभ्या गेलेल्या असतात, खांब दूर दिसतात म्हणून तार लक्षात येत नाही. आपल्या हातात २० मीटर स्टील असतं. मैदानात उतरलो की भाचा आणि मी आधी वर्तुळाच्या मध्यावर उभे राहतो आणि सावकाश एक पूर्ण फेरी वर बघत फिरतो. येळ्ळूरकडच्या एका छान सपाट शिवारात गवत, वारा सगळं जमलेलं असताना त्यानंच बोट दाखवलं. पश्चिमेच्या बांधावरून उन्हात न दिसणारी एक तार गेली होती. मॉडेल परत डिकीत घातलं, तारा रीळावरून काढल्याही नव्हत्या.