मटकी-हुलग्याला मोड आणताय? या चुका टाळा

साताऱ्या-सांगलीकडे घरोघरी मटकी भिजत पडते, तरी कधी ती बुळबुळीत होते, कधी आंबूस वास मारते, कधी निम्मे दाणे तसेच राहतात. बोल मात्र दुकानदाराला लागतो. बऱ्याचदा घोटाळा पाण्याचा असतो: भिजवताना कमी पडतं, बांधताना जास्त राहतं.

कडधान्याच्या तिप्पट पाणी घ्या. मूग-मटकी ८ तासांत फुगते, हुलग्या-हरभऱ्याला १० ते १२ तास लागतात. पण जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात रात्रभर भिजलेल्या मटकीवर सकाळी फेस दिसतो. तेव्हा ६ तास पुरेत, मधे एकदा पाणी बदला. वाई-महाबळेश्वरच्या थंडीत उलट, कोमट पाणी घ्या आणि गाठोडं उबेला ठेवा.

सगळ्यात जास्त मटकी बिघडते ती निथळताना घाई केल्यामुळे. चाळणीत ओता, दोनदा हलवा आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्या. मूठभर तळहातावर घेतली तर हात ओलसर व्हावा, थेंब पडू नये. मग पातळ सुती फडक्यात सैल बांधा. उगवणारा दाणा श्वास घेतो, उष्णता सोडतो. करकचून बांधलेल्या गाठोड्यात बोट घालून बघा, मधोमध गरम लागतं. वास तिथूनच सुरू होतो. घट्ट झाकणाच्या डब्यातही तीच गत. सकाळ-संध्याकाळ सोडून धुवायची, निथळायची, पुन्हा बांधायची.

मोडावर बारीक पांढरी लव दिसली म्हणून लगेच फेकू नका. ती मुळाची लव असते, पाण्यात धरली की मोडाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी मात्र एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाळ्यासारखी पसरते, करडी-हिरवट दिसते आणि कुबट वास येतो. मग वरचे दाणे काढून खालचे वापरायचा मोह नको, सगळंच टाका.

हुलग्यात गणंग, म्हणजे भिजूनही न फुगणारे कडक दाणे, निघतातच. भिजल्यावर वेचून काढा, नाहीतर उसळीत दाताखाली येतात. एरंडेल लावून ठेवलेलं कडधान्य कोमट पाण्यात चोळून धुवा. बोरिक पावडर लावलेलं मोडासाठी घेऊच नका. डाळीला मोड येत नाहीत, मसूर अख्खाच हवा.

आपल्याकडे शेती घरचीच, त्यामुळे हे कळकळीनं सांगते: पेरणीतून उरलेलं पाकिटातलं बियाणं मोडासाठी कधीही भिजवू नका. त्याला थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं. गुलाबी-निळा रंग धुतल्यानं गेला, तरी औषध गेलं असं समजू नका. कोंबड्यांनाही ते घालू नका.

मोड ज्या ओलसर उबेत येतात, त्याच उबेत साल्मोनेलासारखे जंतूही वाढतात. म्हणून लहान लेकरं, गरोदर बाई आणि म्हाताऱ्या माणसांना मोड चांगले शिजवूनच द्या. राजम्याचे मोड तर कुणीच कच्चे खाऊ नयेत, ते खळखळ उकळून शिजवायला हवेत. उरलेले मोड कोरडे करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.