माजी शालेय खेळाडूंचा मदतनिधी सामना कसा भरवावा
अमेरिकेतील ईस्टन (पेन्सिल्व्हेनिया) आणि फिलिप्सबर्ग (न्यू जर्सी) या शेजारी गावांच्या शाळांमध्ये १९९३ साली ७-७ असा बरोबरीत सुटलेला अमेरिकन फुटबॉलचा (लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा आणि अंगावर धडकून अडवण्याचा खेळ) सामना त्याच खेळाडूंनी २००९ मध्ये पुन्हा खेळला. मदतनिधीसाठी असा सामना भरवायचा असल्यास प्रथम प्रत्येकाची हृदयतपासणी करून घ्यावी आणि निदान दोन महिने सराव ठेवावा, कारण चाळिशीतले गुडघे जुन्या ईर्ष्येला साथ देतीलच असे नाही. हेल्मेट मापाचे असावे. शाळेच्या अडगळीतले नको. विमा, रुग्णवाहिका आणि मैदान यांचा खर्च प्रायोजकांकडून आधीच मिळवावा, म्हणजे तिकिटांची सारी रक्कम मदतीला जाते. अंगावर धडकणे नको असेल, तर कमरेची पट्टी ओढून अडवण्याचा फ्लॅग फुटबॉल खेळावा. माझ्या मते पन्नाशीनंतर तोच बरा.