आफ्रिकन ग्रे पोपट: निवड, पिंजरा, खाणं आणि रोजची देखभाल

आफ्रिकन ग्रे घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो तो हा: बोलतो का? पिल्लाच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तरच नसतं. बहुतेक ग्रे वर्षाच्या आगेमागे शब्द काढू लागतात, काही कधीच बोलत नाहीत. विचारायचं ते वेगळंच: वय किती, वजन किती, सध्या काय खातो, कागद कुठे आहेत. हा पक्षी नीट सांभाळला तर ४० ते ६० वर्षं जगतो. पस्तिशीत आणलेला ग्रे मालकाच्या मागे राहू शकतो, तेव्हा आपल्यानंतर तो कोणाकडे जाईल हेही घरात आधीच ठरवा. आणि घर रोज नऊ-दहा तास कुलूपबंद राहत असेल तर हा पक्षी आणू नका. त्याला दिवसातून किमान तीन-चार तास पिंजऱ्याबाहेर, माणसांच्या सोबतीत हवे असतात. हे मिळालं नाही की तो स्वतःची पिसं उपटू लागतो. ती सवय मोडायला वर्षं जातात, कधी कधी मोडतच नाही.

बाजारात दोन प्रकार दिसतात. काँगो ग्रे मोठा, सुमारे ३३ सेंमी लांब, ४०० ते ५५० ग्रॅम, फिकट राखी, शेपूट लालभडक आणि चोच पूर्ण काळी. टिमनेह लहान, साधारण ३०० ग्रॅमचा, रंगाने गडद, शेपूट तपकिरी-लाल, आणि वरची चोच काहीशी गुलाबीसर. टिमनेह नव्या माणसांत थोडा लवकर रुळतो असा पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. नर-मादी नुसतं पाहून ठरवता येत नाही. पिसाची किंवा रक्ताची डीएनए चाचणी करावी लागते, त्यामुळे ‘डोकं मोठं आहे म्हणजे नर’ असं सांगणाऱ्यावर विसंबू नका.

आता कागद. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या जंगलांतून हे पोपट इतके पकडले गेले की २०१६ साली जोहान्सबर्गला भरलेल्या साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत त्यांना परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत, टाकलं गेलं. २०१७ च्या जानेवारीपासून रानातून पकडलेल्या ग्रेंचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. भारतात २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत साइट्समधल्या परदेशी जाती आहेत, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या ‘परिवेश २.०’ पोर्टलवरून नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. पक्षी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावं लागतं. विकणाऱ्याकडे स्वतःची नोंदणी, पैदाशीचा परवाना आणि तुमच्या नावाने पावती हवी. पायात सलग, न उघडणारी कडी असेल आणि तिच्यावरचा क्रमांक कागदावर असेल तर उत्तम. अशी कडी पिल्लू अगदी लहान असतानाच पायात जाते, नंतर घालता येत नाही. ‘नंतर पाठवतो’ असं म्हणणाऱ्याकडून पक्षी घेऊ नका. (आपला हिरवा देशी पोपट तर कागद असो वा नसो, पाळणंच बेकायदेशीर आहे.)

पिल्लू किती वयाचं घ्यावं

स्वतः खाणारं, म्हणजे साधारण १४ ते १६ आठवड्यांचं. इथे घाई करू नका. ‘हाताने भरवलं की लळा लागतो’ असं सांगून सहा-सात आठवड्यांची, अंगावर धड पिसं नसलेली पिल्लं विकली जातात. भरवण्याचं मिश्रण ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान लागतं. थोडं जास्त गरम झालं की गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते, आणि ते बाहेर दिसायला काही दिवस जातात. थंड झालं तर अन्न पिशवीतच आंबतं. सिरिंजचा जोर चुकला तर मिश्रण श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू काही मिनिटांत दगावतं. माणसांत वाढलेलं, स्वतः खायला शिकलेलं पिल्लू तितकाच जीव लावतं.

वयाचा अंदाज डोळ्यांवरून येतो. पिल्लाची बुबुळं गडद राखी असतात, वर्षभरात ती फिकट होत जातात आणि पुढे एक-दोन वर्षांत पिवळी होतात. पिवळ्या डोळ्यांचा पक्षी ‘सहा महिन्यांचा’ म्हणून दाखवला तर तिथून निघा.

पक्षी दुपारी, तो जागा आणि निवांत असताना पाहा. आधी लांबून दहा मिनिटं, कारण जवळ गेलात की आजारी पोपटही ताठ होऊन तब्येत लपवतो. नाकपुड्या कोरड्या आणि सारख्या आकाराच्या हव्यात. बसल्या जागी दर श्वासाला शेपूट वरखाली होत असेल तर श्वसनाचा त्रास आहे. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा: दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं, हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर पक्षी खंगलेला आहे. शेपटीखालची पिसं स्वच्छ हवीत. विष्ठेत तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत: हिरवा किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडं स्वच्छ पाणी. पांढरा भाग हिरवा-पिवळा दिसला तर यकृताकडे शंका जाते. छाती उघडी पण डोक्यावरची पिसं शाबूत असतील तर तो स्वतः पिसं उपटतो आहे, कारण डोक्यापर्यंत स्वतःची चोच पोचत नाही.

घेण्याआधी, किंवा घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात, पक्ष्यांच्या डॉक्टरकडून दोन चाचण्या करून घ्या: पिसं आणि चोच खराब करणाऱ्या पीबीएफडी विषाणूची आणि सिटॅकोसिसची. सिटॅकोसिस माणसालाही होतो, न्यूमोनियासारखा. घरात दुसरे पक्षी असतील तर नवा पक्षी ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करा.

पिंजरा

रुंदी ९०, खोली ६० आणि उंची १२० सेंमी, याहून लहान नको. गजांमधलं अंतर २ ते २.५ सेंमी, त्यातले काही गज आडवे, म्हणजे चढता येतं. गोल पिंजरा घेऊ नका, त्यात पक्ष्याला टेकायला कोपरा मिळत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीपासून सावध राहा: ग्रे गज चावतो आणि जस्त पोटात जातं. स्टेनलेस स्टील किंवा चांगलं पावडर कोटिंग सगळ्यात निर्धोक. पिंजऱ्यासोबत येणाऱ्या गुळगुळीत, एकसारख्या दांड्या काढून टाका आणि पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या, २ ते ४ सेंमी जाडीच्या, वेड्यावाकड्या फांद्या बसवा. फवारणी न झालेल्या झाडाच्याच, घासून धुऊन, उन्हात वाळवलेल्या. एकाच जाडीच्या दांडीवर वर्षानुवर्षं बसून तळव्यांना फोड येतात.

जागा बैठकीच्या खोलीत, एक बाजू भिंतीला टेकलेली, पक्षी साधारण आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. स्वयंपाकघरात किंवा त्याच्या दाराशी कधीही नाही. रोज १० ते १२ तास अंधार आणि शांतता हवी. रात्री अकरापर्यंत टीव्ही चालणाऱ्या घरात झोपण्यासाठी दुसऱ्या खोलीत छोटा पिंजरा ठेवावा लागतो.

खाणं

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. वाटीभर सूर्यफुलाच्या बिया, वर भिजवलेले शेंगदाणे आणि हिरवी मिरची, असा आहार वर्षानुवर्षं चालतो. बियांत चरबी भरपूर, ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. पहिली दोन-तीन वर्षं पक्षी धडधाकट दिसतो, म्हणून मालकाला शंका येत नाही. मग यकृतात चरबी साठते, नाक आणि सायनस सतत बिघडतात. शेंगदाण्यावर बुरशी चटकन येते, पावसाळ्यात कोकणात तर हमखास, आणि बुरशीचा फुप्फुसाचा आजार ग्रेला लवकर जडतो.

४५० ग्रॅमच्या काँगोसाठी दिवसाचं प्रमाण असं धरा. चांगली, रंग न घातलेली पेलेट्स (पोपटांसाठीच्या तयार खाण्याच्या गोळ्या) २५ ते ३५ ग्रॅम. चिरलेल्या भाज्या अर्धी वाटी: गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, शेवग्याचा पाला, मेथी, मक्याचं कणीस. मोड आलेले मूग किंवा मटकी दोन चमचे, मोड ताजे, दोन वेळा धुतलेले. फळांचे दोन-तीन तुकडे, त्यात डाळिंब बहुतेकांना आवडतं. एखादा बदाम किंवा अर्धा अक्रोड, आणि सूर्यफुलाच्या बिया फक्त शिकवताना बक्षीस म्हणून. ओलं खाणं उन्हाळ्यात दोन तासांनी काढून टाका. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम शरीराला मिळू देत नाही. अव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारवलेलं काहीही आणि सफरचंदाच्या बिया पूर्ण बंद.

बियांवर वाढलेल्या पक्ष्याला एका दिवसात पेलेट्सवर आणू नका, तो उपाशी राहील. पहिल्या आठवड्यात तीन भाग बिया आणि एक भाग पेलेट्स, मग चार ते सहा आठवड्यांत प्रमाण उलटं करा. पेलेट्सचा चुरा ओल्या भाजीवर भुरभुरला की चव लवकर लागते. या काळात रोज वजन हवंच. ५ टक्के घटलं तर वेग कमी करा, १० टक्के घटलं तर बदल थांबवून डॉक्टरकडे जा.

कॅल्शियमबद्दल थोडं सविस्तर. इतर पोपटांपेक्षा ग्रेला त्याची कमतरता जास्त भोवते. दांडीवरची पकड सुटणं, पंख थरथरणं, खाली पडणं, झटके येणं ही तिची लक्षणं. नुसतं कॅल्शियम देऊन भागत नाही, ते शोषायला ‘ड ३’ जीवनसत्त्व लागतं आणि ते बनायला सूर्याचे यूव्हीबी किरण लागतात. खिडकीची काच हे किरण अडवते, त्यामुळे काचेआडचं ऊन उपयोगाचं नाही. सकाळचं २० ते ३० मिनिटं थेट ऊन द्या, पिंजऱ्यात बसवून, अर्ध्या भागावर सावली ठेवून, आणि कोणीतरी जवळ थांबून. फ्लॅटमध्ये ऊन येत नसेल तर पक्ष्यांसाठीचा यूव्हीबी दिवा, बनवणाऱ्याने सांगितलेल्या अंतरावर. पेलेट्स नीट खाणाऱ्या पक्ष्याला वरून जीवनसत्त्वाचे थेंब घालू नका: ‘ड ३’ जास्त झालं तर मूत्रपिंडांत कॅल्शियम साठतं.

घरातले धोके

नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्यातून निघणारा, आपल्याला जाणवतही नाही असा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. दुसऱ्या खोलीतल्यालाही. ग्रे असलेल्या घरात बिडाचा किंवा लोखंडी तवा वापरा. डासांची कॉइल, लिक्विड मशीन, धूप, अगरबत्ती, डांबरगोळ्या आणि सुगंधी फवारे त्याच्या खोलीत नकोत. डासांसाठी पिंजऱ्यावर मच्छरदाणी लावा. छताचा पंखा चालू असताना पक्षी कधीही बाहेर काढू नका. दिवाळीत फटाके वाजतात ते चार दिवस आतल्या खोलीत, पिंजऱ्यावर अर्धं कापड टाकून आणि मंद दिवा लावून ठेवा, कारण घाबरून अंधारात फडफडताना पंख मोडतात.

पंख फार आखूड कापून घेऊ नका. ग्रेचं अंग जड असतं, तो दगडासारखा पडतो आणि छातीवरची कातडी फाटते.

रोजचं

काटा हवाच, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा चालेल. सकाळी पहिली विष्ठा झाल्यावर, खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. पक्षी आजार लपवतो, काटा लपवत नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा कोमट पाण्याचा फवारा द्या, सकाळीच, म्हणजे संध्याकाळपर्यंत पिसं वाळतात. या पक्ष्याच्या अंगातून पांढरी भुकटी सतत गळते, घरात दमा असेल तर हे आधी लक्षात घ्या. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात फवारा रोज द्यावा. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत असेल तर उकडतंय असं समजून लगेच गार जागी न्या.

रिकामा वेळ हा ग्रेचा खरा शत्रू. खाणं वाटीत सरळ देऊ नका: कागदात गुंडाळा, मक्याच्या पानात बांधा, करवंटीच्या भोकात खुपसा, म्हणजे शोधून, फोडून खाण्यात त्याचा तास-दोन तास जातो. सुटे धागे असलेला दोर नको, बोटात अडकतो. पहिले काही दिवस हात पिंजऱ्यात घालू नका, शेजारी बसून बोला. मग हात पोटाच्या किंचित वर टेकवून ‘वर ये’ म्हणा आणि आला की लगेच बी द्या. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, आणि घरातल्या प्रत्येकाने, नाहीतर तो एकाच माणसाचा होऊन बाकीच्यांना चावतो. मानेवरची पिसं फुलली आणि डोळ्यांच्या बाहुल्या भरभर लहान-मोठ्या होऊ लागल्या की हात मागे घ्या. चावल्यावर ओरडू नका, त्याला तो आवाज म्हणजे गंमत वाटते.

पिसं उपटायला लागला तर आधी खेळणी बदलत बसू नका. डॉक्टरकडे विष्ठा आणि रक्त तपासून घ्या, कारण जंत, जस्त, यकृत, कोरडी हवा, सगळ्याचं बाहेरचं रूप एकच असतं. शरीरात काही सापडलं नाही तरच वेळापत्रक, झोप आणि एकटेपणा याकडे वळा. पिसं फुगवून तळाशी बसलेला, खाणं सोडलेला पक्षी मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्यासारखा नसतो. त्याला न्यायची पेटी २९-३० अंशांपर्यंत ऊबदार करा, अर्धी झाका, ताजी विष्ठा कागदासह सोबत घ्या आणि त्याच तासात निघा. त्या दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरचा नंबर शोधत बसावं लागू नये म्हणून पक्षी आणण्याआधीच त्या डॉक्टरला एकदा भेटून या.