मिसळीला शिव्या, सुपारीला माफी: कॅन्सरच्या भीतीने खाण्यापिण्यात होणाऱ्या या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात माझ्या दातांच्या दवाखान्यात एक पैलवान आला. तालमीतला गडी, मान माझ्या मांडीएवढी. दाताची तक्रार नव्हती.

"मॅडम, तिखट बंदच केलंय बघा. मिसळीचा घास घेतला की तोंड पेटायलंय. मोबाईलवर आलंय नव्हं, तिखटानं कॅन्सर होतोय म्हणून. तवापास्नं भ्याच वाटायलंय."

"पैलवान, आ करा."

त्याने केला. म्हणजे त्याला वाटलं, केला. मी म्हणाले, तुमचीच तीन बोटं एकावर एक, उभी, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून दाखवा. दोन गेली, तिसरं अडलं. गालाच्या आतून बोट फिरवलं, तर जिथे लोण्यासारखं मऊ लागायला हवं तिथे ताणलेली दोरी हाताला लागली. अस्तर पांढुरकं पडलेलं.

"सुपारी किती खाता?"

"न्हाई हो. गाडी चालवताना जरा."

खिशातून पाच पुड्या निघाल्या. त्या दिवसाच्या.

या आजाराला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतल्या रसायनांनी गालाचं अस्तर आतून घट्ट होत जातं, तोंड उघडणं कमी होतं आणि यातल्या काही जणांना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो. त्याची अगदी पहिली तक्रार असते ती तिखट सोसेनासं होण्याची. जन्मभर कट ओरपलेल्या माणसाला अचानक मिसळ झोंबायला लागली, तर मिसळीने काही केलेलं नसतं. तिने चुगली केलेली असते. आमच्या पैलवानाने चुगली करणाऱ्यालाच घराबाहेर काढलं आणि चोर खिशात ठेवला.

खुर्चीत बसल्या बसल्या लोक मला खाण्याबद्दल बरंच काही विचारतात, तोंडात कापूस असला तरी विचारतात. त्या प्रश्नांतून ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, त्या लिहिते.

ताटात असतं तेवढंच खाणं धरायचं

"काय काय खाता?" असं विचारलं की भाकरी, रस्सा, भात इथे यादी संपते. सुपारी, तंबाखूचा बार, दारू यांना कुणी खाण्यात मोजतच नाही. मिश्रीचं तर विचारूच नका. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ती पूड, पण आजी सांगणार, "आमच्यात तंबाखूला कुणी शिवत न्हाई. मी आपली नुसती मिश्री लावते." दिवसातून तीनदा आणि दर वेळी अर्धा तास.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधल्या लिऑं शहरात आहे, आयएआरसी म्हणतात तिला. माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध झालेल्या गोष्टी ती पहिल्या गटात ठेवते. तंबाखू त्यात आहे. तंबाखू न घातलेली नुसती सुपारीसुद्धा आहे, आणि हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो, कारण सुपारी म्हणजे पूजेतली, विड्यातली, पाहुण्यापुढे ठेवायची. दारूही पहिल्याच गटात आहे. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाचा आणि घशाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा बराच जास्त वाढतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पैलवानाच्या पुडीत गुटखा नव्हता, साधी गोड सुपारी होती.

भारतातल्या पुरुषांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे. तिखटाचा किंवा मटणाचा विचार त्यानंतर करू.

पहिला गट म्हणजे पहिल्या नंबरचा धोका, असं वाचायचं

ऑक्टोबर २०१५ मध्ये याच संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, आणि बोकड, मेंढी, डुक्कर, गाय-म्हैस यांचं लाल मांस २अ गटात, म्हणजे "बहुधा होत असावा" या गटात. लगेच बातम्या फिरल्या: मटण सिगारेटइतकंच घातक! कोल्हापुरात ही बातमी म्हणजे घरात भांडणच. माझ्या एका पेशंटने रविवारचं मटण सोडलं आणि त्याच्या जागी मुलांसाठी फ्रीजमध्ये सॉसेज आणि सलामी आणून ठेवली, "चिकनचं आहे" म्हणून. मी कपाळावर हात मारला.

गट फक्त एवढंच सांगतो की पुरावा किती पक्का आहे. धोका किती मोठा, ते गटावरून कळत नाही. न्यायालयात पाकीटमारीही सिद्ध होते आणि खूनही, शिक्षा मात्र वेगळी. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हा त्या वेळचा आकडा. समजा १०० माणसांत ६ जणांना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होणार असेल, तर रोज खाणाऱ्या १०० जणांत तो साधारण ७ जणांना होईल. त्याच वेळी दिलेले दुसरे आकडे कुणी फॉरवर्ड केले नाहीत: जगात प्रक्रिया केलेल्या मांसामुळे होणारे कॅन्सरमृत्यू वर्षाला सुमारे ३४ हजार, आणि धूम्रपानामुळे होणारे सुमारे १० लाख.

प्रक्रिया केलेलं म्हणजे मीठ-नायट्राइट लावून, धूर देऊन टिकवलेलं: सॉसेज, सलामी, हॅम, बेकन. पेठेतून सकाळी आणलेलं ताजं मटण त्यात येत नाही. मग मटण किती खावं? शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम आठवड्याला, म्हणजे कच्चं साधारण ५०० ते ७०० ग्रॅम, असा जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आहे. चौघांच्या घरात रविवारी किलोभर आणलं तर हाडांसकट माणशी पाव किलो पडतं. हिशेबात बसतं. तेच बुधवारी, शुक्रवारी, शिवाय जत्रेला आणि सासरवाडीला गेलं की बसत नाही.

शिजवण्याचाही फरक पडतो. मांस थेट जाळावर किंवा फार तापलेल्या तव्यावर करपतं तेव्हा त्यात नको ती संयुगं तयार होतात. रश्श्यात पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं. त्यामुळे तांबडा-पांढरा रस्सा या बाबतीत काळ्या झालेल्या कबाबापेक्षा बरा. शेजारी ज्वारीची भाकरी आणि कांदा-मुळा-काकडी असेल तर आणखी बरं, कारण अख्ख्या धान्याने आणि चोथ्याने आतड्याचा धोका कमी होतो, याचा पुरावा चांगला आहे. वाढताना भाकरी अर्धी आणि मटण ताटभर, अशी आपली रीत असते, ती थोडी उलटी करा.

"भाजलं की जातंय"

आमच्या घरात यावरून दोन दिवस अबोला होता. जुलै महिना, धो धो पाऊस, पंचगंगेला पाणी चढलेलं, घरात सगळं दमट. रश्श्यासाठी खोबऱ्याची वाटी काढली तर आतून हिरवट-करडा डाग. सासूबाई म्हणाल्या, "कापडानं पूस आणि गॅसवर धर. भाजलं की जातंय." मी वाटी कचऱ्यात टाकली. खोबऱ्याचा भाव त्यांनी मला पुढचे दोन दिवस न बोलता ऐकवला.

बुरशी भाजल्यावर मरते, हे खरं. पण ॲस्परजिलस नावाची बुरशी जे विष मागे ठेवते, अफ्लाटॉक्सिन, ते घरच्या भाजण्या-तळण्याने पुरतं जात नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी अचानक मेले, तेव्हा हे विष उजेडात आलं. ते त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत होतं. आपल्याकडे १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमाभागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. एवढं एकदम पोटात जाणं विरळा. रोज थोडं थोडं जात राहिलं तर ते यकृताच्या कॅन्सरला कारण होतं, आणि हिपॅटायटिस बी असलेल्यांना त्याचा धोका कितीतरी पटीने जास्त. हेही पहिल्याच गटातलं, पण याच्यावरचा फॉरवर्ड मला आजवर एकही आलेला नाही.

आपल्या स्वयंपाकघरात याच्या जागा ठरलेल्या आहेत. शेंगदाणे, सुकं खोबरं, मका आणि वाळलेली मिरची. म्हणजे वर्षाच्या चटणीचा निम्मा माल. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: चटणी म्हणजे आमचा कांदा-लसूण मसाला.) उन्हाळ्यात मिरची गच्चीवर घातली आणि वळवाने गाठलं तर ती आत घेऊन ढिगाने ठेवू नका, पंख्याखाली पसरून ठेवा. डंकावर नेण्याआधी देठाजवळ काळी, आतून करडी झालेली मिरची फोडून बघून काढा. एकदा कुटली की कुणाला काय कळणार. शेंगदाण्यात सुरकुतलेले, काळपट, पोखरलेले दाणे वेगळे करा आणि चाखून न बघता टाका. ते "कुटाला चालतील" म्हणून वेगळ्या डब्यात ठेवायची सवय मी सुशिक्षित घरांतही पाहिली आहे. कूट पावसाळ्यात आठवड्यापुरतंच करा. डबा कोरडा हवा आणि ओला चमचा त्यात जाता कामा नये.

घाण्याच्या तेलाची सध्या लाट आहे, त्याबद्दल एक. रिफाइंड तेल करताना हे विष जवळजवळ निघून जातं, घाण्याच्या तेलात मात्र ते दाण्यातून थोडं उतरू शकतं. तेव्हा घाण्यावर दाणे देणार असाल तर उरलेसुरले, खवट देऊ नका. आधी निवडा.

तेल, रंग आणि ब्रेड

तळणीच्या तेलाचा फेस जिरत नसेल, ते दाट-चिकट झालं असेल, कमी आचेवरच धुरायला लागलं असेल, तर त्याचं काम संपलं. त्यात ताजं तेल ओतून ते सुधारत नाही. तेल तळून बिघडतं तेव्हा त्यात जी ध्रुवीय संयुगं साठतात, त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून सगळ्या हॉटेल-गाड्यांना लागू आहे. घरी एकदा तळून उरलेलं गाळा आणि एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा.

चटणी डोळ्यांत भरेल इतकी लाल असेल तर ग्लासभर पाण्यावर चिमूटभर टाका. लगेच रंगाच्या रेघा खाली उतरल्या तर भेसळ आहे. मात्र सुदानसारखे तेलात विरघळणारे रंग या परीक्षेत सापडत नाहीत, म्हणून पास झाली म्हणजे शुद्ध, असं समजू नका. गोबी मंच्युरियनमधले कृत्रिम रंग शेजारच्या कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये बंद केले. आपण निपाणीच्या अलीकडे राहतो म्हणून ते आपल्याला पचतात असं नाही.

मिसळीसोबतच्या ब्रेडबद्दल भीती उरली असेल तर ती सोडा. ब्रेडच्या पिठात घातल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेट या ज्या रसायनावरून कॅन्सरचा गदारोळ झाला, त्यावर २०१६ मध्येच बंदी आली.

चहा मात्र जरा थांबून प्या. ६५ अंशांपेक्षा गरम पेयं २अ गटात आहेत, ती अन्ननलिका भाजतात म्हणून. चहाचा त्यात दोष नाही. बशीत ओतून पिणारे आपले आजोबा याबाबतीत बरोबर होते.

साखर तोडली की गाठ उपाशी मरते

साखर बंद करून गूळ सुरू केल्याने कॅन्सरच्या पेशीला काहीच फरक कळत नाही. कोल्हापुरी गूळ मलाही जीव की प्राण आहे, पण तोही बहुतेक साखरच. गोडाचा संबंध वजनाशी आहे, आणि लठ्ठपणाचा अनेक कॅन्सरांशी. याची खरी चूक वेगळ्याच ठिकाणी होते. घरात कॅन्सरचा पेशंट असतो आणि नातेवाईक त्याचं दूध, भात, अंडी, गोड सगळं तोडून हळद-पाण्यावर ठेवतात. वजन घटतं, आणि मग उपचाराचा पुढचा टप्पा पुढे ढकलावा लागतो.

"सुई लावली की पसरतंय"

ही चूक खाण्याची नाही, पण बाकीच्या सगळ्यांपेक्षा महागात पडते. तोंडातला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तीन बोटं आत जाईनाशी झाली, गिळताना अडकायला लागलं, शौचातून रक्त आलं, तर कुठला पदार्थ बाधला याचा शोध घेत बसू नका. मुळव्याध असेल म्हणून गप्प राहू नका. तोंडातला तुकडा तपासायला काढल्याने कॅन्सर पसरत नाही. जागा बधिर करतात, डाळीच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, एखादा टाका. पैलवानाचाही घेतला. त्यात कॅन्सर नव्हता. पुड्या सुटून आता वर्ष होत आलं, जळजळ कमी झाली आहे, तिसरं बोट अजून पुरतं जात नाही आणि बहुधा जाणारही नाही. मिसळ तो दही घालून खातो.

तपासायला येताना जेवून या, उपाशीपोटी नको. आणि खिशात काय असतं ते घरच्यांसमोर सांगायला अवघड वाटत असेल, तर त्यांना बाहेर बसवा आणि आत आल्यावर मला सांगा.