सुकाणूपाशी उपकरणं बसवताना या चुका टाळा

शिडाच्या बोटीवर नवा चार्टप्लॉटर, म्हणजे नकाशावर बोटीची जागा दाखवणारी स्क्रीन, आला की लगेच ड्रिल बाहेर निघतं. व्हील ज्या खांबावर फिरतं त्या पेडेस्टलवरची, अगदी डोळ्यांसमोरची जागा स्क्रीनला मिळते. शेजारी वारा आणि खोलीचे डिस्प्ले येतात, ऑटोपायलटची बटणं येतात, मग व्हीएचएफ रेडिओचा माइक, फोनचा होल्डर, एखादा स्पीकर. होकायंत्र उरलेल्या कोपऱ्यात बसतं. हा क्रम उलटा आहे. आधी व्हील आणि सुकाणू यांची हालचाल पूर्ण मोकळी हवी, मग आणीबाणीच्या टिलरची (सुकाणू थेट हाताने फिरवायच्या दांडीची) जागा ठरावी, त्यानंतर होकायंत्राची, आणि स्क्रीनला जागा मिळावी ती सर्वांत शेवटी. पुढच्या बहुतेक चुका या उलट्या क्रमातून निघतात.

आणीबाणीचा टिलर फिरतच नाही

व्हील असलेल्या जवळजवळ प्रत्येक बोटीवर एक आणीबाणीचा टिलर असतो. व्हीलची केबल तुटली तर डेकवरचं झाकण काढून तो थेट सुकाणूच्या दांड्यावर बसवायचा. बोट बांधताना त्याला फिरायला जागा ठेवलेली असते, पण पुढच्या मालकांनी एकेक वस्तू वाढवत ती जागा खाल्लेली असते. प्लॉटरचा आडवा हात, गार्डरेलवर, म्हणजे पेडेस्टलभोवतीच्या पाइपवर, लावलेलं छोटं टेबल, झाकणावरच ठोकलेली सागवानी पट्टी, काहीही असू शकतं. टिलर बसतो, पण दहा-पंधरा अंश फिरून अडतो. काही बोटींवर तो व्हील काढल्याशिवाय बसतच नाही आणि व्हीलचा नट काढायचा पाना बोटीवर नसतो.

सुकाणूची यंत्रणा भर समुद्रात दगा देऊ शकते, हे मानूनच जागा ठरवायला हवी. नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये ज्या ‘तारिणी’वरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचीही सुकाणू यंत्रणा हिंदी महासागरात बिघडली आणि घराच्या वाटेवर तिला मॉरिशसच्या पोर्ट लुईसला थांबावं लागलं. ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर उत्तम बांधलेली, कर्मचारीही कसलेले. अशा बोटीवर जे होऊ शकतं, ते आपल्या वीकएंडच्या बोटीवर होणार नाही असं धरून चालू नका.

म्हणून कुठलंही नवं उपकरण लावण्याआधी आणीबाणीचा टिलर प्रत्यक्ष बसवा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. उपकरणाच्या आकाराचा पुठ्ठा कापून तो टेपने जागेवर चिकटवा आणि टिलर पुन्हा फिरवा. पुठ्ठ्याला धक्का लागला तर जागा बदला. ऑटोपायलट डेकखालचा असेल तर त्याचा रॅम (सुकाणू ढकलणारा दट्ट्या) सुकाणूच्या दांड्यावर स्वतंत्र आर्म घालून जोडून घ्या. मग व्हीलची केबल गेली तरी ऑटोपायलटच्या बटणांवर बोट बंदरापर्यंत आणता येते.

होकायंत्राचे शेजारी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि तो लवकर लक्षातही येत नाही.

तारेतून डीसी प्रवाह वाहिला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे शाळेत शिकलेलं असतं. बोटीवर त्याचा हिशेब असा बसतो. एकट्या तारेतून २ अँपियर प्रवाह जात असेल आणि होकायंत्र तिच्यापासून २० सेंटिमीटरवर असेल, तर तारेचं क्षेत्र साधारण २ मायक्रोटेस्ला होतं. मुंबईजवळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग ३८ मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. तार प्रतिकूल दिशेने गेली असेल तर सुई सुमारे तीन अंश सरकते. तीन अंशांची चूक वीस सागरी मैलांवर एका मैलाची होते. रात्री किनाऱ्याकडे येताना एक मैल म्हणजे खडक आणि खाडीचं तोंड यांच्यातला फरक.

विजेचा हा त्रास किती खरा आहे याची साक्ष आपल्याच किनाऱ्यावर आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय मोजमापं होत होती. मुंबईची ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, तेव्हा त्या प्रवाहाने मोजमापं बिघडतील म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं. शास्त्रज्ञांनी त्यासाठी खाडी ओलांडली. आपल्याला तार फक्त हातभर दूर न्यायची आहे.

उपाय स्वस्त आहे. होकायंत्राजवळून जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाच्या प्लस आणि मायनस तारा एकमेकींभोवती पिळून न्या. दोन्ही तारांतला प्रवाह विरुद्ध दिशेचा असल्याने त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. होकायंत्राच्या स्वतःच्या दिव्याची तारही पिळलेलीच हवी. ती बहुतेक लोक विसरतात. मायनस तार दुसऱ्याच वाटेने नेऊन जवळच्या कुठल्या तरी पॉइंटला जोडली, तर पिळाचा काही उपयोग राहत नाही.

कायमचे चुंबक हा दुसरा शेजारी. स्पीकरमध्ये चुंबक असतो, व्हीएचएफच्या हातातल्या माइकमध्येही असतो, आणि आता फोनच्या कव्हरमध्येही असतो. डिस्प्लेच्या माहितीपुस्तिकेत होकायंत्रापासून ठेवायचं सुरक्षित अंतर छापलेलं असतं. ते वाचा, आणि दोन-तीन उपकरणं शेजारी असतील तर त्याहून जास्त ठेवा. स्टेनलेस स्टील म्हणजे चुंबकाचा प्रश्न नाही, हाही समज सोडा. वाकवलेल्या, ताणलेल्या ३०४ ग्रेडच्या पाइपला थोडं चुंबकत्व येऊ शकतं. बोट धक्क्याला घट्ट बांधलेली असताना व्हील सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा आणि होकायंत्राच्या तबकडीकडे बघत राहा. तबकडी हलली तर दोष व्हीलमध्ये किंवा त्याच्या दांड्यात आहे.

परदेशातून आणलेल्या होकायंत्राबद्दल एक वेगळी गोष्ट. पृथ्वीचं क्षेत्र जमिनीकडे किती झुकतं हे जागेवर ठरतं. मुंबईजवळ हा झुकाव २५ ते ३० अंशांच्या दरम्यान आहे, ब्रिटनमध्ये ६५ अंशांच्या वर. तिकडच्या झुकावासाठी तोललेली तबकडी इथे तिरकी बसते आणि बोट कलली की घासते. विकत घेताना आपल्या प्रदेशासाठी तोललेलंच होकायंत्र मागा.

दिशा चुकतेय, पण दोष कुठे?

चूक कशी बदलते ते पाहिलं की कारण बहुतेक सापडतं. शांत पाण्यात, इंजिनवर, नकाशावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत धरून वेगवेगळ्या दिशांना होकायंत्र तपासा. जीपीएसवर दिसणारा मार्ग पाण्याच्या प्रवाहामुळे बोटीच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दिशेपासून वेगळा असतो, म्हणून त्याच्याशी थेट तुलना करू नका.

प्रत्येक दिशेला सारखीच चूक येत असेल तर होकायंत्र वाकडं बसलं आहे. त्याच्यावरची पुढची खूण आणि मधला अक्ष कीलला (बोटीच्या तळाच्या मधल्या कण्याला) समांतर नाही. स्क्रू सैल करून फिरवा, काम झालं. उत्तरेला एका बाजूला आणि दक्षिणेला दुसऱ्या बाजूला चूक येत असेल, तर जवळ लोखंड किंवा चुंबक आहे. आधी तो हलवा. हलवता येत नसेल तरच होकायंत्रातले दुरुस्तीचे चुंबक फिरवा, तेही पितळी किंवा प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने. उत्तरेला आणि पूर्वेला चूक पूर्ण काढा, दक्षिणेला आणि पश्चिमेला निम्मी. आणि एखादा स्विच चालू केल्यावरच चूक येत असेल, तर ती तार शोधा. त्यासाठी नाळ एका दिशेला स्थिर ठेवून स्विच एकेक करून चालू करा.

ऑटोपायलटचं स्वतःचं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र वेगळ्या ठिकाणी असतं, आणि तिथे घोळ होतो तो सामानाचा. सेन्सर एखाद्या लॉकरच्या आतल्या भिंतीवर बसवतात, बोटीच्या मध्याजवळ, खाली, इंजिनपासून दूर. जागा योग्यच. मग प्रवासाआधी त्याच लॉकरमध्ये डबाबंद खाणं, पान्यांची पेटी, सुटा नांगर भरला जातो आणि रात्री ऑटोपायलट कारण नसताना वळतो. सेन्सरच्या लॉकरवर ‘इथे लोखंड ठेवू नये’ असं मोठ्या अक्षरात लिहा. मधल्या मुक्कामावर सामान भरणारा माणूस दुसराच असतो.

ऑटोपायलट बंद पडतो, प्लॉटर रीस्टार्ट होतो

लोक सेटिंग बदलत बसतात. आधी तार मोजा. समजा बोटीच्या मागच्या भागातल्या ऑटोपायलटला जोर लावताना १० अँपियर लागतात आणि पॅनेल पाच मीटरवर आहे. प्रवाहाला जाऊन परत यायचं असतं, म्हणून लांबी दहा मीटर धरा. अडीच स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर जाडीच्या) तारेवर सुमारे ०.७ व्होल्ट पडतो, म्हणजे १२ व्होल्टचे जवळजवळ सहा टक्के. अशा उपकरणांसाठी तीन टक्क्यांच्या आत राहायचं असतं, तर इथे सहा स्क्वेअरची तार हवी. घरच्या वायरिंगमधली साधी तांब्याची तार वापरू नका. खाऱ्या, दमट हवेत ती आतपर्यंत काळी पडते. कथिलाचा थर असलेली तार घ्या, तारेच्या टोकाचे लग नीट दाबून क्रिंप करा, प्रत्येक उपकरणाला वेगळा फ्यूज द्या.

तारा पेडेस्टलच्या आतून नेण्याचा मोह फार होतो. आत साखळी आणि केबल फिरत असते; ती तारेचं आवरण हळूहळू कापते. तारा गार्डरेलच्या पाइपमधून न्या. पाइपच्या प्रत्येक भोकाची कड गुळगुळीत करा आणि तिथे रबरी ग्रोमेट (कडी) घाला.

ऑटोपायलट बोट सापासारखी वळवत असेल तरी आधी यांत्रिक ढिलाई बघा. सुकाणू हाताने धरून व्हील हलवा. व्हील रिकामं फिरत असेल तर केबल ताणा, पण इतकीच की व्हील जड होणार नाही.

स्क्रीन आणि हात

पोलराइज्ड चष्मा लावून स्क्रीनकडे आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंनी पाहा. काही स्क्रीन एका कोनात पूर्ण काळ्या दिसतात. हे दुकानातच तपासा. बोट कललेली असताना चालवणारा व्हीलच्या मागे उभा नसतो, एका बाजूला बसलेला असतो. मग त्या दोन्ही जागांवरून वारा आणि खोली वाचता यायला हवी. नकाशा मोठा आणि खोलीचा आकडा कोपऱ्यात बारीक, ही मांडणी मुंबईच्या बंदरात धोक्याची आहे. उधाणाला इथे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो आणि चिखल लवकर जवळ येतो. दाखवलेली खोली पाण्याच्या पृष्ठभागापासून आहे की कीलखालची, हे बसवतानाच ठरवा आणि डिस्प्लेशेजारी लिहून ठेवा.

इंजिनाचा वेग बदलणाऱ्या थ्रॉटलच्या दांड्यात शिडाचा दोर किंवा रेनकोटची पँट अडकते. शंका असेल तर दोराचा मोकळा फास घेऊन प्रत्येक कोपऱ्याला अडकवून बघा.

भोकं पाडण्याआधी

डेक बाल्साच्या, म्हणजे हलक्या लाकडाच्या, गाभ्याचा असेल तर भोक थेट पाडून सीलंट भरणं पुरत नाही. एका पावसाळ्यात पाणी आत शिरून लाकूड कुजायला लागतं. भोक मोठं पाडा, कडेचा गाभा थोडा खरवडून काढा, इपॉक्सी भरा, वाळल्यावर त्यात योग्य मापाचं भोक पाडा. पेडेस्टल बहुधा ॲल्युमिनियमचं असतं. त्यात स्टेनलेसचा स्क्रू कोरडा बसवला की गंज धरतो आणि दोन वर्षांनी तो निघत नाही. धातू अलग ठेवणारी पेस्ट लावूनच स्क्रू बसवा.

खालचं झाकण उघडलंच आहे तर सुकाणूच्या केबलवरून टिश्यू पेपर फिरवा. धागे जिथे अडकतात तिथे तार तुटलेली आहे, आणि ती केबल याच हंगामात बदलायची.