टर्न-बेस्ड लढाईत टायमिंग कसं बसवायचं

आधी निर्णय, मग टायमिंग. कोणता वार करायचा, कुणाला वाचवायचं, हे ठरवण्यातच टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाल करायच्या, खेळाचा जीव असतो. वेळेवर बटण दाबल्याचं बक्षीस त्याच्यावर चढवायचं. १९९६ च्या 'सुपर मारिओ आरपीजी'पासून २०२५ च्या 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३'पर्यंत अनेकांनी हे आपापल्या परीने केलंय.

म्हणून सुरुवात आकड्यांपासून करा. साधा वार २० चा आणि शत्रूचं बळ १२० धरा. टायमिंग पूर्ण हुकलं तरी सहा टर्नमध्ये शत्रू पडला पाहिजे. 'बरं' टायमिंग सव्वापट म्हणजे २५, तेव्हा पाच टर्न. 'अचूक' दीडपट म्हणजे ३०, तेव्हा चार. अचूकला तिप्पट दिलं तर दोनच टर्न लागतात, मग बाकीची कौशल्यं कुणी उघडूनही बघत नाही. बचावात तर आणखी जपा: प्रत्येक वार फुकटात शून्यावर येत असेल, तर चिलखत आणि औषधं पिशवीत तशीच पडून राहतात. मोजके वार पॅरी न होणारे, म्हणजे वेळेवर बटण दाबूनही परतवता न येणारे, ठेवा.

आता मुख्य काम, वाराची चाहूल. डोळ्याने बघून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. त्यामुळे शत्रूने हात उचलल्यापासून वार लागेपर्यंत निदान ६०० ते ७०० मिलिसेकंद द्या. समजा लढाई देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत आहे. मशालीच्या उजेडात पहारेकरी भाला मागे ओढतो, ३०० मिलिसेकंद तसाच थांबतो आणि मग खुपसतो. ती थांबण्याची जागाच खेळाडू शिकत असतो, ती दर वेळी बदलली की त्याला फसवल्यासारखं वाटतं. पुढच्या वळणावर मशाल विझते. आता फक्त साखळीची खळखळ, क्षणभर शांतता आणि वार. अंतर मात्र तेच, ३०० चं. पहिल्या लढाईत डोळ्याने शिकलेलं इथे कानाने वापरता येतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी त्याच क्षणी फोन थरथरवा.

खिडकी, म्हणजे बटण मान्य होण्याचा काळ, सगळ्यात शेवटी ठरवा. 'बरं'साठी वाराच्या आगेमागे १२० मिलिसेकंद, 'अचूक'साठी ५० पासून सुरू करा. वार लागल्यानंतरचे १२० मिलिसेकंदही धरायचे असल्याने नुकसानीचा आकडा लगेच दाखवू नका. तेवढा वेळ चित्र गोठवा. फटक्याला वजन येतं आणि हिशोबालाही उसंत मिळते.

हे सगळं फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावर बदलणाऱ्या चित्रांच्या हिशोबात, मोजू नका. सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाला ६ फ्रेम म्हणजे १०० मिलिसेकंद, पण तोच खेळ ३० वर घसरला की २०० होतात. मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेला साधा फोन हमखास घसरतो. गोडो या खेळ बनवायच्या इंजिनमध्ये बटण दाबताच टाईम.गेट_टिक्स_एमसेकने वेळ टिपा आणि वाराच्या वेळेशी ताडून बघा.

नेहमी होणाऱ्या दोन चुका. मेनूमध्ये 'वार' निवडायला दाबलेलं बटणच टायमिंगचं म्हणून मोजलं जातं आणि खेळाडू काही न करता हुकतो. मेनू बंद झाल्यावर २०० मिलिसेकंद काहीच घेऊ नका. दुसरी, बटण बडवत सुटणं. एका वारासाठी पहिलाच दाब धरा, बाकी सोडून द्या. नाहीतर बडवणारा नेहमी जिंकतो आणि वाट बघणारा हरतो.

ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज १५०-२०० मिलिसेकंद उशिरा पोचू शकतो, मग अंधारीतली लढाई जवळपास अशक्यच. सेटिंगमध्ये संबळाचे सोळा ठोके वाजवा, प्रत्येकावर टिचकी मारायला सांगा. पहिले चार सोडा, उरलेल्या बारांच्या फरकांचा मध्यक काढा आणि आवाज तितका आधी सोडा. सरासरी नको, एक टिचकी भलतीकडे पडली तर ती बिघडते. स्क्रीनसाठी हीच चाचणी आवाज बंद करून वेगळी घ्या. सोबत 'आपोआप बरं' हा पर्याय ठेवाच, हात थरथरणाऱ्यालाही कथा पूर्ण करता यावी.

चाचणी अर्धा तास खेळून गरम झालेल्या फोनवर घ्या, आणि फोन टर्न-बेस्ड खेळ कधीच न खेळलेल्या माणसाच्या हाती द्या. तिसऱ्या लढाईपर्यंत त्याला दहापैकी पाच-सहा वेळा 'बरं' साधलं नाही, तर खिडकी रुंद करण्याआधी चाहूल लांबवून बघा.